बंद प्रेक्षागृह आणि चालू नाटक



आज आम्ही जो विषय घेतला आहे तो वरकरणी परघरचा आहे. २०२० साली कोविडची साथ आली, जगभरची नाटकगृहे बंद पडली, आणि त्या बंद काळात इंग्लंडमधील काही नाटकमंडळ्यांनी आपले काम कोणकोणत्या रीतीने चालू ठेवले, याची हकीकत आम्ही सांगणार आहोत. आपले घर सोडून इतक्या दूर कशाला जायचे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की तेथील मंडळ्यांनी काय केले, तिकीट किती ठेवले, लोक कसे आले, हे सारे नीट नोंदले गेले आहे. आणि प्रश्न मात्र जितका त्यांचा तितकाच आपला आहे. तिकीट काढून नाटकाला जाणारा मनुष्य नेमके कशाचे पैसे देतो, हा तो प्रश्न. कथा ऐकण्याचे? आवडत्या नटाचे मुखदर्शन घेण्याचे? की आणखी कशाचे? एरवी या प्रश्नावर नाट्यसंमेलनांतून पुष्कळ बोलले जाते आणि चहाची वेळ झाली की तो विसरला जातो. साथीने त्याला व्यवहाराचा प्रश्न केले. कारण त्याचे उत्तर चुकले तर मंडळी बुडत होती.

सोमवार, १६ मार्च २०२०. त्या दिवशी ब्रिटनच्या पंतप्रधानांनी लोकांना सांगितले की मद्यगृहे, नाटकगृहे अशा गर्दीच्या ठिकाणी जाऊ नका. हा बंदीचा हुकूम नव्हता, सल्ला होता. परंतु प्रेक्षकाने येऊ नये असे खुद्द सरकारच सांगत असता पडदा उघडायचा तरी कोणासाठी? त्याच संध्याकाळी लंडनच्या नाटकगृहांनी दारे लावून घेतली. नाटकाच्या धंद्यातील ज्यांना थोडे ठाऊक आहे त्यांना यातील भय लगेच कळेल. कापडाचे दुकान बंद राहिले तर कापड कपाटात राहते, पुढच्या महिन्यात विकता येते. आजच्या रात्रीची रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही. तो माल त्या रात्रीबरोबर नासतो. शिवाय पुढल्या प्रयोगांची तिकिटे आगाऊ विकलेली असतात, आणि त्या पैशावरच मागचे खर्च भागलेले असतात. ते पैसे परत करण्याची पाळी आली म्हणजे गल्ला नुसता रिकामा होत नाही, उणा होतो.

लंडनच्या नाटकवाल्यांना ही आपत्ती तशी नवी नव्हती. शेक्सपिअरच्या काळी आठवड्याच्या मृत्युपत्रकातील प्लेगच्या बळींचा आकडा ठराविक मर्यादेपलीकडे गेला की नाटकगृहांना कुलपे पडत. १५९२ च्या उन्हाळ्यात ती जी बंद झाली ती मधला थोडा काळ वगळता १५९४ पर्यंत नीट उघडली नाहीत. त्या वेळी मंडळ्या गाड्यांवर सामान लादून गावोगाव फिरत. त्यांतील पेम्ब्रोक उमरावाच्या नावाने चालणारी मंडळी १५९३ साली दौऱ्यातच मोडली, आणि परत आल्यावर तिला आपला कपडेपट गहाण टाकावा लागला. ज्यांनी जुन्या मराठी कंपन्यांच्या हकीकती वाचल्या आहेत त्यांना कपडेपट गहाण पडणे म्हणजे काय हे सांगावयास नको. शेक्सपिअरने त्या बंद काळात दोन मोठी काव्ये रचली आणि १५९३ व १५९४ साली ती छापून निघाली. पुढे १६०३ च्या साथीत त्याच्या मंडळीला राजा पहिला जेम्स याने पोटापाण्यासाठी ३० पौंड दिल्याची नोंद आहे. गावोगाव फिरावे, राजापुढे हात पसरावा, नाहीतर नाटक सोडून दुसरे काही तरी विकावे, अशा वाटा त्या काळी होत्या.

२०२० साली फिरण्याची वाट नव्हती, कारण साथ नाही असे गावच उरले नव्हते. राजाची जागा सरकारने घेतली होती. कला आणि वारसा यांना सावरण्यासाठी १५७ कोटी पौंडांची योजना ब्रिटिश सरकारने जाहीर केली, पण ती जुलैच्या ५ तारखेस. तोवर पावणेचार महिने गेले होते. राहता राहिली तिसरी वाट. आणि आता विकण्याजोगे 'दुसरे काही' प्रत्येकाच्या घरात आधीच येऊन बसले होते. ते म्हणजे संगणकाचा नाहीतर दूरध्वनीचा पडदा.

या पडद्याचा सर्वांत मोठा उपयोग लंडनच्या नॅशनल थिएटरने केला. या संस्थेने २००९ पासून आपली नाटके उत्तम रीतीने चित्रित करून चित्रपटगृहांतून दाखविण्यास सुरुवात केली होती. आपल्या मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रातही ती दाखविली गेली आहेत. म्हणजे कोठार भरलेले होते. २ एप्रिल २०२० पासून त्यांनी दर आठवड्यास एक चित्रित नाटक यूट्यूबवर सर्वांसाठी खुले केले. तिकीट नाही; इच्छा असेल त्याने देणगी द्यावी. पहिले नाटक होते 'वन मॅन, टू गव्हनर्स', गोल्डोनीच्या जुन्या इटालियन प्रहसनावरून रिचर्ड बीन यांनी केलेले. पहिल्याच रात्री दोन लाखांवर ठिकाणी ते एकाच वेळी चालू होते. उन्हाळा संपेपर्यंत अशी सोळा नाटके दाखविली गेली आणि ती एकूण दीड कोटी वेळा पाहिली गेली.

दीड कोटी! कोणत्याही नाटकमंडळीने स्वप्नात पाहू नये असा हा आकडा आहे. आणि त्याच उन्हाळ्यात त्या संस्थेने सुमारे चारशे हंगामी नोकरांना, म्हणजे दारावर तिकीट पाहणारे, प्रेक्षकांना जागा दाखविणारे, रंगमंचामागे राबणारे अशांना, कामावरून कमी करावे लागत असल्याचे जाहीर केले. आम्हांस येथे त्या संस्थेला दोष द्यावयाचा नाही. घरात कोंडलेल्या, एकाकी, भ्यालेल्या लोकांना तिने त्या दिवसांत जो आनंद दिला त्याचे मोल कमी नाही. परंतु हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत अशी आमची विनंती आहे. प्रेक्षक दीड कोटी आणि दारावरच्या माणसाला काम नाही, असे का व्हावे? प्रेक्षकाकडून काहीही मागितले नव्हते, म्हणून. त्याने ठरल्या वेळी यावे असे नाही. आठवडाभर केव्हाही चालेल. पैसे द्यावेत असे नाही. हसावे असेही नाही, कारण हसण्याचे काम त्या चित्रणातील प्रेक्षकांनी कितीतरी वर्षांपूर्वीच उरकून ठेवले होते. ते खांद्याला खांदा लावून बसलेले लोक पोट धरधरून हसत आहेत, आणि आपण एकटेच खोलीत बसून ते हसणे ऐकत आहोत, ही जाणीव त्या दिवसांत कित्येकांना नाटकापेक्षाही अधिक भिडली असेल. लोणच्याची बरणी संकटात उपयोगी पडते हे खरे; पण लोणचे खाल्ले म्हणजे कोणी ताज्या कैरीचा हंगाम साजरा केला असे म्हणत नाही. संस्थेच्याही हे ध्यानात आले असावे. डिसेंबर २०२० मध्ये तिने तीच चित्रित नाटके वर्गणी घेऊन दाखविण्याची व्यवस्था सुरू केली.

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहू. लंडनमध्येच टेम्स नदीच्या दक्षिणेस ओल्ड विक नावाचे नाटकगृह आहे. १८१८ साली उघडलेले. त्यास सरकारचे नेमाने मिळणारे अनुदान नाही, म्हणजे तिकीटविक्री थांबली की श्वास थांबलाच. या मंडळीने २०२० च्या जूनअखेरीस असे ठरविले की नाटक आपल्या रंगमंचावरच करावयाचे, ताजे करावयाचे, आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्या लपवावयाच्या नाहीत. डंकन मॅकमिलन यांचे 'लंग्ज' हे दोन पात्रांचे नाटक त्यांनी निवडले. क्लेअर फॉय आणि मॅट स्मिथ या नटांनी आदल्याच वर्षी ते तेथे केले होते, म्हणून तालमीचा प्रश्न हलका झाला. शिवाय या नाटकात नेपथ्य नको, हातात घ्यावयाच्या वस्तू नकोत, वेषपालट नको, अशी लेखकाचीच सूचना आहे. अडचण निराळीच होती. नाटक आहे एका जोडप्याचे. मूल होऊ द्यावे की नाही याचा ते विचार करीत आहेत. आणि साथीच्या नियमाप्रमाणे त्या दोघांनी दोन मीटरांच्या आत यावयाचे नाही! मग दोघांवर निराळे कॅमेरे लावले आणि दोन चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी जुळवून ठेवली. प्रेक्षकाला ती दोघे जवळ दिसत, पण कधीही एकमेकांस शिवत नसत. आधीच ज्या नाटकात दोन माणसे परस्परांपर्यंत पोहोचण्याची धडपड करीत आहेत, त्यात नियमाने घातलेले हे अंतर काही उपरे वाटले नाही.

परंतु आम्हांस याहून अधिक रस त्यांच्या तिकिटांत आहे. पडद्यावरून दाखविलेल्या खेळाला जागेची मर्यादा नसते; लाख लोक पाहोत, खुर्ची कमी पडत नाही. तरीही ओल्ड विकने दर खेळाला हजारच तिकिटे विकली, म्हणजे नाटकगृहात जेवढ्या खुर्च्या तेवढीच. आणि दर? १० पौंडांपासून ६५ पौंडांपर्यंत! सर्वांना दिसणार एकच चित्र, एकाच कोनातून. मागची रांग नाही, खांब नाही, गॅलरी नाही. तरीही जो एरवी पुढच्या खुर्चीचे पैसे देतो त्याने तेवढे द्यावेत, ज्याला परवडत नाही त्याने दहा द्यावेत. व्यापाराच्या शास्त्रात हे वेडेपण ठरावे. पण त्यामागचा विचार पाहण्यासारखा आहे. नऊशे नव्याण्णव माणसे आपल्याबरोबर याच घटकेस हे पाहत आहेत, आणि हे पुन्हा पाहता येणार नाही, ही भावना त्यांनी मर्यादेने निर्माण केली. आणि तिकिटाची किंमत ही चित्राची किंमत नसून मंडळीशी असलेल्या नात्याची किंमत आहे, हे दराने सांगितले. लोकांनी ती तिकिटे घेतली. पुढे सप्टेंबरात त्यांनी ब्रायन फ्रील यांचे 'फेथ हीलर' केले. त्या नाटकात तीन पात्रे आहेत आणि ती कधीच एकत्र येत नाहीत. एकेक जण येऊन आपली बाजू प्रेक्षकांना सांगतो. १९७९ साली रंगमंचावर आलेले हे नाटक जणू दोन मीटरांचा नियम आधी वाचूनच लिहिले होते. चांगल्या मंडळीचे शहाणपण पुष्कळदा अशा निवडीत असते. वाईट निवड केल्यावर मग कॅमेऱ्याने, दिव्याने कितीही सावरले तरी ती सावरत नाही.

ओल्ड विकमध्ये नट नाटकगृहात आणि प्रेक्षक घरी. याचीच उलटी मांडणी डॉनमार वेअरहाउस या लहान नाटकगृहाने ऑगस्टमध्ये केली. प्रेक्षकांना आत घेतले, दोन दोन मीटरांवर बसविले, आणि नटीला घरी ठेवले. सारामागू यांच्या 'ब्लाइंडनेस' या कादंबरीवरून सायमन स्टीफन्स यांनी संहिता केली होती. एका शहरातील माणसे साथ यावी तशी आंधळी होत जातात, अशी ती कथा. जूलिएट स्टीव्हनसन यांचा आवाज आधी मुद्रित केलेला, आणि प्रत्येकाच्या कानावर श्रवणयंत्र. मुद्रणाची युक्ती अशी की माणसाच्या डोक्याच्या आकाराचा मायक्रोफोन ठेवायचा, त्याच्या दोन्ही कानांत निरनिराळे ध्वनिग्राहक. मग नटी त्या डोक्यामागून कुजबुजली की ऐकणाऱ्याला ती आपल्या मानेमागेच उभी आहे असे वाटते. अंधारात, साथीच्या दिवसांत, कोणी परके माणूस कानाशी येऊन बोलत आहे! दिवसातून चार वेळा हा खेळ होत असे, कारण आवाज थकत नाही. यास नाटक म्हणावे की नाही यावर वाद करता येईल. आमचे मत ते नाटक नव्हे, पण नाटकगृहाचा उत्तम उपयोग होता, असे आहे.

आता ज्या मंडळीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येतो. ती या सर्वांत लहान. ऑक्सफर्डची क्रिएशन थिएटर ही मंडळी १९९६ साली निघाली. नेहमीच्या नाटकगृहात नाटक करावयाचे नाही, ही तिची रीत. बागेत, किल्ल्यात, पुस्तकांच्या दुकानात ती खेळ करीत आली. २०१९ साली उत्तर आयर्लंडच्या बिग टेली या मंडळीच्या सहकार्याने, झोई सीटन यांच्या दिग्दर्शनाखाली, तिने शेक्सपिअरचे 'टेम्पेस्ट' केले. प्रेक्षकांनी चालत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जावे आणि वाटेत नाटक घडावे, अशी योजना. साथ आली, सारे ठरलेले खेळ रद्द झाले. आणि सर्वत्र कुलपे पडल्यावर महिनाही उलटला नसेल, तोच एप्रिल २०२० मध्ये याच 'टेम्पेस्ट'चा अवतार या दोन्ही मंडळ्यांनी झूम नावाच्या साधनावर उभा केला. ज्या साधनावर तेव्हा कचेऱ्यांच्या सभा आणि मुलांचे वर्ग भरत होते, तेच हे साधन.

नटांपैकी प्रत्येक जण आपापल्या घरी. मागे हिरवे कापड टांगायचे, म्हणजे त्याच्या जागी यंत्र समुद्र नाहीतर बेट दाखविते. दिवा स्वतः लावायचा, वेष स्वतः बदलायचा, कॅमेऱ्याची नजर स्वतः सांभाळायची. विंगेतून टोपी पुढे करणारा हात नाही, चुकले तर ओळ सांगणारा प्रॉम्प्टर शेजारी नाही. कोणाचे चित्र केव्हा पुढे आणायचे आणि कोणाचे मागे न्यायचे, हे काम करणारा रंगमंच-व्यवस्थापक आपल्या घरून एकटाच सारा पडदा ओढीत असे. आणि प्रेक्षकसुद्धा त्याच पडद्यावर, आपापल्या चौकटीत, दिसत होते.

या मंडळीने 'टेम्पेस्ट'च का निवडले, याचा विचार करण्यासारखा आहे. आधी केलेले होते हे एक कारण; पण तेवढेच नव्हे. आपणांपैकी ज्यांनी ते नाटक वाचले आहे त्यांनी त्याची बांधणी आठवावी. एक जादूगार बेटावर वर्षानुवर्षे कोंडून पडला आहे. वादळाने फुटलेल्या गलबतातली माणसे त्या बेटावर येतात ती तीन टोळ्यांत विखुरलेली, आणि दुसरे बुडाले असे प्रत्येक टोळीस वाटते आहे. जादूगार सर्वांना पाहतो. ते मात्र एकमेकांना पाहत नाहीत. शेवटच्या अंकातच सारे एकत्र येतात. चौकटी चौकटींत बसलेल्या नटांना याहून सोयीचे नाटक दुसरे मिळणे कठीण. जादूगाराने यंत्रावरून सर्वांवर नजर ठेवावी, यात काही ओढूनताणून आणावे लागले नाही.

नाटकाचा आरंभ वादळाने. १६११ साली राजदरबारात हे नाटक झाले तेव्हाच्या रंगभूमीवर मेघगर्जनेसाठी तोफेचा गोळा लाकडी फळीवर गडगडवीत. क्रिएशनच्या मंडळींनी प्रेक्षकांना सांगितले की तुम्हीच चुटक्या वाजवा. तुमच्या चुटक्या हाच पाऊस. स्वयंपाकघरात, झोपण्याच्या खोलीत, सोफ्यावर बसलेली माणसे चुटक्या वाजवू लागली आणि त्यातून वादळ उभे राहिले. मध्येच एखाद्या प्रेक्षकाची चौकट मोठी करून सर्वांना दाखविली जाई. मग तो मनुष्य दचके, लाजे, हसे, आणि दुसऱ्या शहरातील परका मनुष्य त्याला हसताना पाहून हसे.

हा पोरखेळ झाला, असे काही गंभीर वृत्तीच्या रसिकांना वाटेल. अभिनयाची खोली कोठे, शेक्सपिअरच्या भाषेचे वैभव कोठे? त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. सुमारे तासाभरात आटोपलेल्या खेळात पुष्कळ गळले. ज्यांना भाषा ऐकावयाची होती त्यांनी नॅशनल थिएटरचे चित्रण पाहावे हे बरे. परंतु चुटकी वाजविणारा मनुष्य त्या क्षणी केवळ पाहणारा राहत नाही. त्याने चुटकी वाजविली नाही तर पाऊस तेवढा कमी पडेल. नाटकगृहात आपण हे नित्य करतो, पण त्याकडे आपले लक्ष नसते. आपण श्वास रोखतो म्हणून नट ते स्तब्धपण आणखी एक क्षण लांबवितो. आपण हसतो म्हणून तो पुढचे वाक्य थांबवून धरतो. आपण खोकतो आणि त्याची ओळ बिघडते. प्रयोग दोन्ही बाजूंनी घडत असतो. क्रिएशनने नाटकातील पुष्कळ काही टाकून दिले, पण एवढे मात्र घट्ट धरून ठेवले.

आणि त्याचे पैसे घेतले. दर वीस पौंड. त्या वेळच्या भावाने अदमासे एकोणीसशे रुपये. एका पडद्याला एक तिकीट; पडद्यापुढे घरची किती माणसे बसतात हे विचारीत नसत. फुकट नाटकांचा पूर आलेल्या महिन्यात एका लहान मंडळीने वीस पौंड मागावेत आणि लोकांनी ते द्यावेत, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. त्या पैशातून नटांना कामाचा मोबदला मिळाला. एक्सिटर विद्यापीठातील अभ्यासकांनी पुढे या प्रयोगाची तपशीलवार पाहणी करून अहवाल लिहिला. दुसऱ्या मंडळ्यांनी यापासून काय घ्यावे हेच त्या पाहणीचे प्रयोजन होते. २०२१ साली क्रिएशनने दूरच्या प्रयोगांसाठीच पगारावर नटसंच नेमला. साथीच्या दुसऱ्या वर्षी, ज्या काळात नट म्हणजे बेकार असे समीकरण झाले होते, त्या काळात!

या साधनाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर हे व्याख्यान जाहिरातीसारखे वाटेल. मंद आणि सतत चालणारा आवाज हे यंत्र गोंगाट समजून दाबून टाकते, आणि एका वेळी एकाच बोलणाऱ्याला पुढे करते. त्यामुळे टाळ्यांचा कडकडाट त्यावरून नीट जात नाही. 'टेम्पेस्ट'च्या अखेरीस जादूगार प्रेक्षकांपुढे येऊन सांगतो की तुमच्या टाळ्यांनीच माझी या बेटावरून सुटका होईल. आणि नेमक्या त्याच टाळ्या या यंत्राला गोंगाट वाटतात. दुसरी उणीव याहून मोठी. एका घरातून निघालेला आवाज दुसऱ्या घरी पोहोचण्यास क्षणाचा काही अंश लागतो. बोलण्यात तो चालून जातो, गाण्यात चालत नाही. गायक एका घरी, तबलजी दुसऱ्या घरी, आणि ऑर्गन तिसऱ्या घरी असेल तर समेवर तिघांची गाठ पडणार कशी? आपले संगीत नाटक या साधनावर ताजे करणे अशक्य आहे. साथीच्या काळात जी गाणी अनेक घरांतून एकत्र गायिलेली म्हणून आपण पाहिली, ती सारी एकेक करून मुद्रित केलेली आणि मागाहून जुळविलेली होती.

आता थोडे आपल्याकडचे. महाराष्ट्रातील नाट्यगृहे मार्च २०२० च्या मध्यास बंद झाली. आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर बहुतेकांना पैसे मिळतात ते प्रयोगामागे; त्यालाच आपल्याकडे 'नाइट' म्हणतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. नेपथ्य लावणारा, इस्त्री करणारा, दिवे चढविणारा, रंगभूषा करणारा, बसचा चालक, यांना महिन्याचा पगार नसतो. नामवंत नटाला दूरचित्रवाणीचा आधार असतो. पडदा ओढणाऱ्याला कोण मालिकेत घेणार? म्हणून बंद नाट्यगृहाचा प्रश्न आपल्याकडे कलेचा होण्याआधी चुलीचा होता.

त्याही स्थितीत २०२० च्या पावसाळ्यात ऋषिकेश जोशी यांनी 'मोगरा' हे तेजस रानडे यांनी लिहिलेले नाटक बसविले. पाच अभिनेत्री, प्रत्येकीचे घर निराळे, आणि खेळ ताजा. ठरल्या वेळी, तिकीट काढून पाहावयाचा. या प्रकाराला त्यांनी 'नेटक' असे नाव दिले. शब्द प्रथम कानाला खटकतो. परंतु 'नाटक' या शब्दाचा काना काढून त्यास मात्रा दिली की तो होतो, आणि 'नेटका' हा आपला जुना शब्दही त्यात डोकावतो. भाषाशुद्धीवाल्यांनी त्याला क्षमा करावी असे आम्हांस वाटते. या खेळातही तेच पाळले गेले जे ऑक्सफर्डच्या मंडळीने पाळले: वेळ ठरलेली, दाम ठरलेला, आणि चुकले तर आताच, सर्वांसमक्ष चुकणार. त्यातून पडद्यामागच्या सर्वांची चूल पेटली असे मात्र म्हणता येणार नाही. पाच घरांतून चालणाऱ्या खेळाला नेपथ्याचा ट्रक लागत नाही, आणि म्हणून ट्रक चढविणारेही लागत नाहीत. इंग्लंडमध्येही हेच झाले. दूरच्या प्रयोगांनी नट जगविले, लेखक जगविले, काही तंत्रज्ञांना नवे काम दिले. सुतार, शिंपी आणि द्वारपाल यांना त्यांनी फारसे दिले नाही. या साऱ्या प्रयोगांचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही.

५ नोव्हेंबर २०२० पासून महाराष्ट्रात नाट्यगृहे उघडण्यास मुभा मिळाली, ती निम्म्या आसनांवर. डिसेंबरात काही नाटकांचे प्रयोग झालेही. वसंतात साथीची दुसरी लाट आली, पुन्हा कुलपे लागली, ती २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निघाली, आणि पुन्हा निम्मीच आसने. यातील हिशेब सोपा आहे. समजा, नाट्यगृह हजार खुर्च्यांचे आहे. तिकिटे पाचशेच विकता येतात. पण नाट्यगृहाचे भाडे निम्मे होत नाही, बसचे डिझेल निम्मे होत नाही, आणि नाइट निम्मी करा असे कोणत्या तोंडाने सांगणार? कित्येक निर्माते थांबून राहिले ते भीतीपोटी नव्हे, या बेरजेपोटी.

ज्यांनी प्रयोग केले त्यांना आणखी एका गोष्टीस तोंड द्यावे लागले, आणि ती विनोदी नाटकवाल्यांनाच अधिक जाणवली असेल. हसे हे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. दोन माणसांमध्ये एक खुर्ची रिकामी, त्यावर फुली मारलेली, आणि तोंडावर मुखपट्टी. मग हशा निघतो पण पसरत नाही, जिथल्या तिथे विरतो. नटाला मुखपट्टीमागचे हसू दिसत नाही. त्याने पुढील वाक्यापूर्वी किती थांबावे याचा जो अंदाज शेकडो प्रयोगांनी बांधलेला असतो, तो निम्म्या घरात चुकतो. मग त्या पाचशे माणसांपुढे त्याला तो पुन्हा नव्याने, वाक्यावाक्याला, बसवावा लागतो.